जर-तर: १९६३ साली अठरा वर्षांच्या प्रत्येक पोराला लष्कराचं बोलावणं आलं असतं तर?

तळटीप (धागाकर्ता)

स्पर्धा परीक्षेच्या तयारीत असलेल्या भाच्याला परवा राज्यघटना शिकवत होतो (म्हणजे तोच मला शिकवत होता) आणि कलम २३ वर अडलो. माणसांचा व्यापार बंद, वेठबिगार बंद, एवढं शाळेत पाठ केलेलं. पण त्याला एक शेपूट आहे, २३(२). सार्वजनिक कामासाठी सरकारला सेवा सक्तीची करता येईल. मात्र ती लादताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग बघून भेदभाव करता येणार नाही. म्हणजे ज्या कलमाने वेठ काढली, त्याच कलमात सक्तीच्या लष्करसेवेला खिडकी उघडी ठेवलीय. लष्करासाठी ती आजवर कोणी वापरली नाही.

आता जर-तर. २१ नोव्हेंबर १९६२. चीनने एकतर्फी युद्ध थांबवलंय, संरक्षणमंत्रिपदावरून कृष्ण मेनन गेलेत, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री दिल्लीत पोचलाय, बायका अंगावरचे दागिने संरक्षण निधीत देताहेत. लष्कर साडेपाच लाखांवरून सव्वाआठ लाखांवर न्यायचं ठरतं. प्रत्यक्षात ती सगळी वाढ स्वेच्छेच्या भरतीतून झाली. सक्ती झाली ती कॉलेजातल्या एनसीसीची, तीही १९६८ पर्यंतच. माझ्या जर-तरमध्ये १९६३ ला संसदेत विधेयक येतं: अठरा पूर्ण झालेल्या प्रत्येक पुरुषाने दोन वर्षं द्यायची. त्या लाटेत ते चटकन मंजूर झालं असतं, याबद्दल मला फारशी शंका नाही.

पुढे काय? माझा अंदाज असा: दोन वर्षं एका पंगतीत जेवलेला मुलगा गावी येऊन वेगळी पंगत बसू देणार नाही. १९८० पर्यंत खेड्यातली जात बरीच सैल झाली असती.

खोडून काढा.

मिरजकर मामा

तळटीपराव, +१. मी त्या सक्तीच्या एनसीसीतला. १९६४ ला कॉलेजात गेलो, तर प्रवेशाच्या अर्जासोबतच खाकीचा माप घेणारा बसलेला. पहाटे साडेपाचला मैदानावर. पट्ट्याचं बक्कल ब्रासोने चमकवायचं, नाही चमकलं की मैदानाला दोन फेऱ्या. रायफली पुरायच्या नाहीत, मागच्या रांगेला लाकडाच्या. आमचे उस्ताद हवालदार, "दाहिने मूड" म्हणाले की निम्मी पोरं डावीकडे, कारण हिंदी नुसती सिनेमातली. शेवटी त्यांनी सगळ्यांच्या उजव्या बुटाच्या नाडीत गवताची काडी बांधायला लावली.

जैनाचा पोरगा, मराठ्याचा, मुसलमानाचा, सगळे नाष्ट्याच्या केळ्यासाठी एकाच रांगेत. शिस्त लागली ती आजवर टिकली. ७८ वय आहे, अजून अंथरूण स्वतः घडी करतो. सक्ती हवीच होती.

शेंगदाणे

फुटाण्याची पुडी घेऊन बसलोय. चालू द्या.

खडूफळा

मामा, काडीचा किस्सा झकास. पण आधी जरा आकडेमोड करू, नाहीतर धागा नुसता भावनेवर चालेल.

१९६१ च्या जनगणनेत लोकसंख्या ४३.९ कोटी. त्यात अठरा वर्षांचे मुलगे ढोबळमानाने चाळीस लाख धरा. दोन वर्षं सेवा, म्हणजे कुठल्याही क्षणी ऐंशी लाख पोरं खाकीत. वाढवून वाढवून लष्कर करायचं होतं सव्वाआठ लाखांचं. ऐंशी लाखांना बूट कुठून आणणार? त्या काळात आपण अमेरिकेच्या गव्हावर जगत होतो. मामांच्या मागच्या रांगेला लाकडी रायफल होती ना, या जर-तरमध्ये मागच्या रांगेला लाकूडही मिळालं नसतं.

म्हणजे "प्रत्येक" हा शब्द पहिल्याच दिवशी गळतो. समजा निम्मं लष्कर सक्तीचं ठेवलं, चार लाख. दोन वर्षांची पाळी, तर वर्षाला दोन लाख पोरं हवीत. चाळीसातले दोन. वीस मुलांतला एक जाणार आणि एकोणीस घरी राहणार.

आता खरा प्रश्न. तो एक कोण, हे कोण ठरवणार?

इस्रायल किंवा सिंगापूर हे देश लहान आहेत, त्यांना प्रत्येक पोरगा लागतो. आपल्याला प्रत्येक पोरगा कधीच लागला नसता. आपल्याकडे सक्ती म्हणजे निवड, आणि निवड म्हणजे सवलत. एकुलता एक, शिकतोय, आई आजारी, तळवे सपाट. सिव्हिल सर्जनच्या दाखल्याचा दर तालुक्यागणिक ठरला असता. अमेरिकेत व्हिएतनामच्या वेळी कॉलेजात नाव असलं की बोलावणं पुढे ढकलायचे, हे लक्षात घ्या. १९६३ च्या महाराष्ट्रात कॉलेजात कोण होतं आणि बांधावर कोण होतं?

तळटीपराव, तुमच्या पंगतीला वीसातला एकच जेवायला बसलाय.

अर्धा चहा

खडूफळा +१००.

वाशिष्ठी

हिशेब बरोबर. पण या धाग्यावर सगळे "बोलावणं टाळायचं कसं" या बाजूनेच विचार करताहेत. दुसऱ्या बाजूनेही बघा.

आमचं गाव दापोलीच्या अंगाला. त्या पट्ट्यात एकेकाळी पेन्शनीतले महार सुभेदार-जमादार घरटी सापडायचे. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत आमची माणसं पिढ्यान् पिढ्या होती, कोरेगावच्या स्तंभावर नावं आहेत. मग १८९० नंतर साहेबाच्या डोक्यात "लढवय्या जाती"चं खूळ शिरलं आणि आमची भरती बंद झाली. ती उघडावी म्हणून गोपाळबाबा वलंगकरांनी दापोलीतून अर्ज केले. ते स्वतः फौजेतले पेन्शनर. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला १११ वी महार पलटण उभी केली आणि युद्ध संपल्यावर १९२१ ला मोडली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडलं. चामार रेजिमेंट तर १९४३ ला उभी राहून १९४६ ला बंद.

दार बंद होण्यात नोकरी जाते एवढंच नसतं. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिकवायचे. छावणीत शिपायांच्या पोरांना शाळा होती, पोरींनाही. गावात तीच पोरं शाळेच्या उंबऱ्याबाहेर. भरती थांबली तशी ती शाळाही गेली, पेन्शनही गेली, टापटिपीत राहायची सवयही गेली.

म्हणून २३(२) मधलं "जात बघून भेदभाव नाही" हे वाक्य मला वेठीचं वाटत नाही, दार मिटू नये म्हणून खाली घातलेल्या पाचरीसारखं वाटतं. हे दार आता पुन्हा बंद करता येणार नाही. माझ्या आजोबांना सक्तीचं बोलावणं आलं असतं तर त्यांनी ते कागद चौकटीत घालून भिंतीवर लावलं असतं.

बाकी खडूफळांचा मुद्दा मान्य. वीसातला एक निवडताना तहसीलदाराचं बोट कुणाकडे गेलं असतं, ते मला सांगायची गरज नाही. फक्त लढाईला धाडायला नाही म्हणत मी. रस्ता खणायला, घोडी धुवायला, भांडी घासायला. सगळे खाकीत, पण काम कुणाला कुठलं, ते त्याच जुन्या वहीतून.

तळटीप

वाशिष्ठी, हा प्रतिसाद वेगळ्या धाग्याच्या तोलाचा आहे. पंगतीचा मुद्दा मी अर्धा मागे घेतो. अर्धाच, कारण १९४९ ला लष्करप्रमुख करिअप्पांच्या काळात गार्ड्स ही पलटण उभी केली ती मुद्दाम सगळ्या प्रांतांची, सगळ्या जातींची. तो नमुना हाताशी होता. सक्तीची फौज जुन्या जातवार पलटणींत कोंबली असती की गार्ड्सच्या धर्तीवर मिसळली असती, यावर सगळं अवलंबून.

खटावचा पैलू

मोबाईलवरून टंकतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

तुम्ही सगळे सक्ती-सक्ती करताय. आमच्या इथं पहाटे चारला रस्त्यावर या. दीडशे पोरं पळत्यात. पुरे मार्क पाहिजेत तर सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारायचं असतं, दोन सेकंद उशीर झाला की पैलवान गडी रस्त्यावर बसून रडतो. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे गावाच्या नावापुढंच मिलिटरी लागतं. सक्ती करायला माणूस नको म्हणायला तर पाहिजे! २०२२ ला अग्निपथ आली, पहिल्या वर्षी सगळ्या देशात ४६ हजार जागा, चार वर्षांनी पंचवीस टक्के आत बाकीचे बाहेर. तरी गर्दी हटली नाही.

वीसातला एक निवडायला चिठ्ठी कशाला? एकोणीस नको म्हणतील हे गृहीत का धरताय? आमच्याकडं वीसच्या वीस हात वर करतील. बागायतीतले सोडून.

शेंगदाणे

"बागायतीतले सोडून" :)

उखाणा

एक बारीकसं निरीक्षण. २३(२) मधली यादी परत वाचा. धर्म, वंश, जात, वर्ग. लिंग नाही. बाकीच्या कलमांत भेदभावाच्या यादीत ते आहे, इथे नाही. म्हणजे फक्त पुरुषांना बोलावलं तरी घटनेला चालेल, अशी सोय करून ठेवलेली.

तेव्हा जर-तर फक्त मुलग्यांचं नाही. दोन वर्षं घरातला कमावता पोरगा गेला की नांगर कोण धरणार? बाई. मनिऑर्डर कोण सोडवून घेणार? बाई, आणि अंगठ्याऐवजी सही शिकायला लागणार. पोस्टमनने वाचून दाखवलेलं नवऱ्याचं पत्र सगळ्या आळीला कळतं म्हणून वाचायला शिकलेल्या बायका माझ्या माहेरी होत्या. फौजी गावांतून हे झालेलंच आहे, सक्तीने ते सगळीकडे झालं असतं.

आणि स्थळं! "मुलगा बी.कॉम., सेवा पूर्ण, दोन्ही पाय शाबूत." माझी खात्री आहे, दहा वर्षांत ज्याला सवलत मिळाली त्याच्याबद्दल कुजबूज सुरू झाली असती, "तळवे सपाट म्हणे, की आणखी काही?" सिव्हिल सर्जनच्या दाखल्याला पैसे मोजणाऱ्या बापाला हुंड्यात तेवढे सोडावे लागले असते.

सांजवात

पंधरा वर्षं सिंगापुरात आहे. जर-तर नाही, घडलेलं सांगते.

आम्ही इथले कायम रहिवासी झालो तेव्हा मुलगा सात वर्षांचा. सही करताना माहीत होतं की आपल्याला लष्करसेवा माफ, पण आपल्या नावावर रहिवास मिळालेल्या मुलाला नाही. सात वर्षांच्या पोराकडे बघून अठरा वर्षांचं काही दिसत नाही हो. सह्या होऊन जातात.

साडेसोळाव्या वर्षी नोंदणीचं पत्र आलं. अठराव्या वर्षी त्याला टेकाँग या लष्करी प्रशिक्षणाच्या बेटावर सोडायला गेलो. फेरीतून नेतात, आईवडिलांनाही. बेटावर फिरवून दाखवतात, मुलं शपथ घेतात, मग त्यांच्याच भोजनगृहात एकत्र जेवण. आम्हाला शाकाहारी ताट मिळालं, पनीरसारखं काहीतरी होतं. नवऱ्याने सगळं संपवलं, मुलाने भाताला हात लावला नाही. मग मुलं एका बाजूला, आम्ही दुसऱ्या बाजूला. पहिल्या रजेला आला तेव्हा डोकं भादरलेलं, आणि दारातच मला म्हणाला, "आई, मी बूट बाहेर काढतो, आत आणत नाही." त्याआधी अठरा वर्षं मी तेच ओरडत होते.

तळटीपरावांच्या पंगतीबद्दल. त्याच्या खोलीत चिनी, मलय, तमिळ, एक अर्धा फिलिपिनो. आजारपणाचं सोंग करणाऱ्याला "चाओ केंग" म्हणतात, हा शब्द पहिल्या आठवड्यात घरी आला. आजही ती मुलं भेटतात, दिवाळीला घरी येतात. पंगत खरी आहे. पण १९६७ ला इथे सक्ती सुरू झाली तेव्हा सुरुवातीची बरीच वर्षं मलय तरुणांना फारसं बोलवत नसत. "सगळ्यांची" सेवा, आणि सरकारला ज्यांच्यावर भरवसा नाही ते बाहेर. ज्यांना बोलावलं नाही त्यांच्या घरात ती गोष्ट अजून विसरलेली नाही.

आणि एक. दोन वर्षांनी सुटला तेव्हा त्याच्या वर्गातल्या मुली तिसऱ्या वर्षाला होत्या. तो हसून सांगतो, मला हसू येत नाही.

अर्धा चहा

सांजवातताई, बुटांचं वाचून घशात काहीतरी आलं.

मांडवीकाठ

आमच्या गोव्यात सक्तीचे सैनिक येऊन गेलेत, दोन वेगवेगळ्या पिढ्यांत. पहिले पोर्तुगीज. डिसेंबर १९६१. त्यांचा हुकूमशहा सालाझारने लिस्बनमध्ये बसून शेवटच्या माणसापर्यंत लढा म्हणून हुकूम सोडला. इथे गव्हर्नर वासाल्लो ए सिल्वाकडे तीन-साडेतीन हजारांची फौज, त्यातली कितीतरी पोर्तुगालच्या खेड्यांतून सक्तीने आणलेली पोरं. वासाल्लोने १९ तारखेला शरणागती पत्करली. पोरं वाचली, पाच महिने फोंडा-वास्कोच्या छावण्यांत काढून घरी गेली, आणि सालाझारने स्वागत काय केलं तर गव्हर्नरला फौजेतून हाकलून. माझी आजी सांगायची, छावणीच्या कुंपणापलीकडून एक सोल्दाद, म्हणजे शिपाई, विहिरीकडे बघत रोज उभा असायचा. सतरा-अठराचा. तिला वाटायचं पाणी हवंय. एकदा कळशी नेली तर म्हणाला, पाणी नको, आमच्या अंगणात अश्शीच विहीर आहे.

दुसरे म्हणजे हल्लीचे. आरंबोलला सीझनमध्ये बघा, इस्रायली पोरंपोरी. तिकडची सेवा संपली की वर्षभर भटकायला निघतात. रेस्टॉरंटच्या पाट्या हिब्रूत. वीस-बावीसची पोरं, पण दिवाळीचे फटाके वाजले की काही काही जण उठून आत जातात. आमच्याकडे वर्षाला दोन लाख पोरं सुटली असती, ती कुठल्या किनाऱ्यावर गेली असती?

खडूफळा

आता सगळ्यात काळी बाजू, कोणी काढत नाहीये म्हणून.

१९१० साली फ्रान्समध्ये रेल्वे कामगारांनी संप केला. पंतप्रधान ब्रियां, एकेकाळचा समाजवादी. त्याने काय केलं? ते कामगार सक्तीच्या कायद्याने राखीव सैनिक होतेच, त्यांना फौजेत बोलावून घेतलं. आता रूळ सोडून गेलास तर तो संप नाही, लष्करी गुन्हा. संप मोडला.

आता आपला मे १९७४. लाखो रेल्वे कामगारांचा संप. माझ्या अंदाजाने जर-तरच्या भारतात जॉर्ज फर्नांडिसना तुरुंगात टाकायचीही गरज पडली नसती, कामगारांच्या घरी खाकी पाकीट गेलं असतं.

आणि मग जून १९७५, आणीबाणी. सरकारच्या हाती देशातल्या प्रत्येक पुरुषाची वय, पत्ता, प्रकृतीसह यादी तयार आहे. १९७६ ला आपल्याच महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं, राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून वाचलो. सक्तीच्या सेवेचं दफ्तर प्रत्येक तालुक्यात असतं तर त्या मंजुरीसाठी कोण थांबलं असतं? शिस्तीची सवय दोन्ही बाजूंना लागते मामा, पाळणाऱ्याला आणि पाळायला लावणाऱ्याला.

मांडवीकाठ

खडूफळा, याच्या उलटही घडतं. पोर्तुगालनेच दाखवलं. १९६१ पासून सालाझारने आणि त्याच्यानंतर आलेल्या काएतानोने आफ्रिकेतल्या वसाहती धरून ठेवायला तेरा वर्षं पोरं पाठवली. इतकी, की पोरं रातोरात सीमा ओलांडून फ्रान्सला पळायची. अधिकारी पुरेनात, म्हणून १९७३ ला सक्तीच्या भरतीतल्या अधिकाऱ्यांना कायम होण्याची जवळची वाट काढून दिली, त्यावर कायम कॅप्टन चिडले. २५ एप्रिल १९७४ ला त्याच कॅप्टनांनी चिलखती गाड्या लिस्बनमध्ये आणल्या आणि हुकूमशाही एका दिवसात कोसळली. बंदुकीच्या नळ्यांत कार्नेशनची फुलं. सगळ्या घरांतली पोरं फौजेत असली की फौजेला घरचं ऐकू येतं.

खडूफळा

मान्य, पण तेरा वर्षं आणि हजारो पोरं गेल्यावर. नसबंदीच्या कॅम्पला तेरा वर्षं लागत नाहीत.

जनरल रजिस्टर

बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज राहवलं नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला निवृत्त मुख्याध्यापक. तुम्ही सगळे "अठरा पूर्ण झालेला" असं ज्या सहजतेने लिहिताय ते वाचून हसू आलं. १९६३ साली कोण अठराचा आहे हे सरकारला कसं कळणार होतं? आमच्या रजिस्टरवरून. आणि आमचं रजिस्टर कसं भरलं जायचं? बाप पोराला बखोटीला धरून आणायचा. "गुरुजी, घ्या याला." जन्म कधीचा? "थोरल्या पावसाच्या सालचा." पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागला की झाला सहा वर्षांचा. शाळा जूनमध्ये, म्हणून लिही १ जून. मी स्वतः शेकड्याने लिहिलेत. आजही महाराष्ट्रातल्या कुठल्याही कचेरीत ३१ मे ला निवृत्तीचे हार कमी पडतात ते उगाच नाही.

आता खडूफळांचा वीसातला एक. अमेरिकेने १ डिसेंबर १९६९ ला काय केलं होतं? १९४४ ते १९५० मध्ये जन्मलेल्यांसाठी ३६६ निळ्या कुप्या, प्रत्येकीत एक तारीख. जी तारीख आधी निघेल तिच्या पोरांना आधी बोलावणं. पहिली निघाली १४ सप्टेंबर. (कुप्या नीट ढवळल्या नव्हत्या, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतली पोरं जास्त सापडली, त्यावरून पुढे संख्याशास्त्रज्ञांनी रान उठवलं.)

ती पद्धत इथे आणा. नागपूरच्या विधानभवनात मंत्रिमहोदय कुपी उघडतात. तारीख निघते १ जून. संपलं. अख्खा मराठवाडा, अख्खा माणदेश, सगळ्या तांड्यांवरची पोरं एका दमात फौजेत. आणि पुण्याच्या सूतिकागृहात घड्याळ बघून जन्मलेला ७ जानेवारी सकाळी ९ वाजून १२ मिनिटांचा मुलगा सुखरूप घरी. सवलत नाही, लाच नाही, तहसीलदाराचं बोटसुद्धा नाही.

वाशिष्ठी

गुरुजी, दंडवत. मी वहीबद्दल लिहिलं होतं, तुम्ही ती वहीच आणलीत.

खटावचा पैलू

माझ्या बापाची १ जून. चुलत्याची पण १ जून. दोघांत आठ महिन्यांचं अंतर.

तळटीप

मी हरलो. पंगत, गार्ड्स, सगळं मागे घेतो. :)

उत्सुकता म्हणून अमेरिकेचा १९६९ चा तक्ता शोधला. १ जूनचा नंबर लागला २४९ वा. आणि त्यांनी प्रत्यक्षात बोलावलं १९५ पर्यंत. म्हणजे गुरुजी, तुमची सगळी पोरं सुटली असती.

मामा, १९६४ ला कॉलेजात म्हणजे तुमचा जन्म १९४६-४७ चा ना? तुम्ही त्यांच्या सोडतीत बरोबर बसता. तारीख सांगा, नंबर काढतो.

मिरजकर मामा

कालपासून वाचतोय, बोललो नाही.

माझी १ जून १९४६. सातवीच्या दाखल्यावर, पेन्शनच्या कागदावर, आधारवर सगळीकडे.

आई म्हणायची, बेंदराच्या दुसऱ्या दिवशी झालास, बैलांच्या शिंगांचा रंग ओला होता. कुठल्या सालचा बेंदूर, ते तिला सांगता यायचं नाही.